बेसुरांची जागा

कोजागिरी झाली की आमच्या पनवेलीत काकडा सुरू होतो. पहाटेचे पाच वाजलेले असतात. वडाळे तळ्यावरून येणारा वारा नुकता कुठे अंगाला गार लागू लागलेला असतो. आणि देवळात सात-आठ बायका व तीन-चार म्हातारे पुरुष टाळ हाती घेऊन उभे असतात. आवाज अजून झोपेतून पुरते उठलेले नसतात. कोणाचा घशात अडकलेला, कोणाचा नाकात बसलेला. पेटीवाला जो सूर देतो तो पहिल्या दोन अभंगांपर्यंत कोणाच्याच हाती लागत नाही. तिसऱ्या अभंगाला मात्र काहीतरी जुळते, आणि मग बाहेर उजाडले केव्हा ते कळत नाही.

गेल्या वर्षी त्याच देवळात उभी असताना माझे गाण्यात लक्ष नव्हते. का नव्हते, ते सांगण्यासाठी हा लेख लिहायला घेतला आहे. संपादकांनी दिवाळीसाठी काही प्रसन्न मागितले होते. ते साधेल की नाही कोण जाणे! पण फराळाच्या ताटात चकलीशेजारी एखादी कडू कारिटाची आठवण असतेच. नरकचतुर्दशीला आपण ते पायाखाली फोडतोच की.

गोष्ट तशी लहान आहे. आमचे एक बायकांचे भजनी मंडळ आहे. आम्ही अकरा जणी. दर गुरुवारी दुपारी जमतो. पेटीवर ताई असतात, आणि मंडळ त्यांच्याच जिवावर चालते. ताई रीतसर गाणे शिकलेल्या आहेत. कोणाचा सूर ढळला की त्या काही बोलत नाहीत. पेटीची ती एकच पट्टी पुन्हा पुन्हा दाबत राहतात. बोटाने दार ठोठावावे तशी. ज्या बाईचे चुकले असेल तिला आपले नाव घेतल्यासारखे ऐकू येते.

अकरावी म्हणजे आजी. त्या मूळ पनवेलच्या नव्हेत. पलीकडे जिथे आता विमानतळ झाला आहे, तिथे उठवलेल्या गावांपैकी एका गावच्या. गाव उठले, घरे पुन्हा बांधून झाली, पण शेजार पांगला. आजी मुलाकडे इमारतीत आल्या आणि एका गुरुवारी कोणाचे बोट न धरता आमच्यात येऊन बसल्या. त्यांचा आवाज मोठा. नुसता मोठा नव्हे, ताईंच्या पट्टीच्या वर कुठेतरी. कुठे ते पेटीला सांगता येत नाही, कारण ती जागा दोन पट्ट्यांच्या मध्ये पडते.

मला वाटे, या बाईंना कान नाही. पुढे एकदा त्यांच्याच तोंडून कळले की जन्मभर त्या लग्नांतून धवलारणीच्या मागे गात आल्या. ज्या वाचकांना आमचा मुलूख ठाऊक नाही त्यांना सांगते: आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवले गातात, ते गाणारी ती धवलारीण. ती पुढे म्हणते आणि बायका मागून उचलतात. मांडव उघडा, बाहेर वाजंत्री, अंगणात पोरांचा गोंधळ. त्यात जो गळा शेवटच्या पंगतीपर्यंत पोचेल तो गळा खरा! आजींचा गळा त्या मांडवात घडलेला होता. पेटी त्यात कधी नव्हतीच. तेव्हा त्यांना बेसूर म्हणायचे की आमच्या खोलीला लहान म्हणायचे, हा प्रश्नच आहे.

नवरात्रात भजनस्पर्धा निघाली. ताईंनी सहा महिने आमच्याकडून दोन अभंग आणि एक गौळण घासून घेतली होती. स्पर्धेला आठ दिवस उरले असताना त्यांनी मला बाजूला घेतले. म्हणाल्या, "आजींना तुम्ही सांगा. तुम्ही शिक्षिका, त्यात कादंबऱ्या लिहिता. तुम्हांला शब्द सुचतात."

मला शब्द सुचले. मी आजींना म्हटले, "आजी, स्पर्धेत दहाच जणी चालतात हो. तुम्ही सगळ्यांत शेवटी आलात, म्हणून…"

नियमात बारा होत्या.

आजी म्हणाल्या, "दहा? बरं गो बाय. मी खाली बसून ऐकेन." आणि त्या खाली बसून ऐकत राहिल्या. आम्हांला उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले. दहा जणींना स्टीलचे दहा डबे.

आता कोणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीचा काय हा बाऊ! आणि ताईंची बाजू काही लंगडी नाही, हे मला आधी कबूल केले पाहिजे. दहा जणींनी दळणकांडण, नातवंडे, नोकऱ्या सांभाळून सहा महिने कमावलेला सूर एकीच्या गळ्यापायी सांडू द्यायचा का? सूर ही खरी वस्तू आहे. ती मनाची समजूत नव्हे. सगळ्यांना सामावून घ्यायचे म्हणून कसेही गायले तर ती गाण्याची विटंबना होते, आणि ज्यांनी मेहनत केली त्यांच्यावर अन्यायही. दया दाखवायची ती आपल्या खर्चाने दाखवावी, दुसऱ्याच्या मेहनतीच्या खर्चाने नव्हे. मी या युक्तिवादाला कितीतरी रात्री उत्तर शोधले आहे, आणि पुरते उत्तर मला सापडलेले नाही.

पण मला छळते ते आजींचे वगळणे एवढेच नाही. हे मी दुसऱ्यांदा केले होते.

मी शिकलेली मॅट्रिकपर्यंत. शाळेत लागले ती बालवर्गावर. आणि पेटीवर दोन बोटे चालतात एवढ्या भांडवलावर प्रार्थनेचे काम माझ्याकडे आले. आमच्याकडे आळीपाळीने दोन हिंदी प्रार्थना होत. एक 'दो आंखें बारह हाथ' या १९५७ च्या चित्रपटातली, दुसरी १९७१ च्या 'गुड्डी'तली. दोन्ही चाली वसंत देसाईंच्या. कुडाळकडचा, सोनवड्याचा हा माणूस. देशभर कितीतरी शाळांचे दिवस त्याच्या चालींनी उजाडले, पण रोज गाणाऱ्या मुलांना त्याचे नाव बहुधा ठाऊक नसते. असो. तर एका स्नेहसंमेलनाला पाहुणे येणार होते, आणि तिसरीतला एक मुलगा प्रार्थना भयंकर बेसूर म्हणत असे. शिवाय मनापासून म्हणत असे, म्हणजे सर्वांच्या वर. मी त्याला जवळ बोलावून, पाठीवर हात ठेवून, अगदी गोड शब्दांत सांगितले, "बाळा, तू नुसते ओठ हलव."

त्याने ते इतके उत्तम केले की पाहुण्यांनी त्याच्याकडे बोट दाखवून विचारले, हा मुलगा कोण? किती तन्मय होऊन गातो!

पंधरा वर्षे गेली. परवाच्या गणपतीत एका इमारतीत आरतीला गेले होते. गणपतीची आरती म्हणजे आपल्या महाराष्ट्राचे खरे समूहगान. तिला ना तालीम, ना परीक्षक. कोणी वरच्या सप्तकात, कोणी जमिनीखाली. विठोबाच्या आरतीत एके ठिकाणी सूर लांबवायचा असतो, तिथे तर काका, मामा, शेजारचे वकील सगळे दम पणाला लावतात, आणि जो शेवटी उरतो तो विजयी मुद्रेने इकडेतिकडे पाहतो. त्या गर्दीत तो उभा होता. आता चांगला दाढीमिशीवाला, कामाला लागलेला. त्याने मला ओळखले, वाकून नमस्कार केला. आरती सुरू झाली. तो टाळ्या वाजवत होता, डोळे मिटलेले होते, ओठ हलत होते. मी त्याच्या अगदी शेजारी होते. त्याच्या तोंडातून आवाज येत नव्हता.

मी त्याला काही विचारले नाही. कदाचित घसा बसलेला असेल. असे मी स्वतःला अनेकदा सांगितले आहे.

खरोखरच ज्यांना सूर कळत नाही अशी माणसे किती असतात? अलीकडच्या शास्त्रज्ञांनी यावर बरेच काम केले आहे, आणि त्यांचे म्हणणे असे की ज्यांच्या मेंदूलाच स्वरांतला फरक उमगत नाही अशी जन्मजात उणीव शंभरांतल्या फार तर चौघांत असते. 'मला गाता येत नाही हो' म्हणणाऱ्या बाकीच्यांचे काय? ऐकू बरोबर येते, गळ्याला वळण लागलेले नसते, एवढेच. लहानपणी केव्हातरी कोणीतरी 'तू राहू दे' म्हटले आणि ते वळण लागायचे राहून गेले. ते 'कोणीतरी' बहुधा शाळेतलेच असते.

तिसरीतल्या त्या मुलाला मी गप्प केले ती प्रार्थना ज्या चित्रपटातली, त्यात सहा खुनी कैदी असतात. एक जेलर त्यांना माणसांत आणण्यासाठी उघड्या माळावर नेऊन ठेवतो. कथा ग. दि. माडगूळकरांची, आणि तिला आधार होता औंध संस्थानात स्वतंत्रपूरला झालेल्या खुल्या तुरुंगाच्या खऱ्या प्रयोगाचा. ज्यांना कुठल्याही पंगतीत पाट मिळाला नसता अशांच्या गोष्टीतले ते गाणे. आणि मी त्यातून एक आठ वर्षांचा मुलगा बाहेर काढला, कारण त्याचा निषाद लागत नव्हता.

समूहात गाण्याचा अधिकार कशाने मिळतो, हा खरा प्रश्न. गळ्याने, की हजर राहण्याने?

आमच्या पनवेलीतच याचे एक जुने उत्तर उभे आहे. इथे बेने इस्रायल लोकांचे 'बेथ एल' नावाचे प्रार्थनामंदिर आहे, १८४९ सालचे. कोकणच्या किनाऱ्यावरचे हे यहुदी. घाण्यावर तेल गाळीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. घरात मराठी बोलत. १८८० च्या सुमारास तर त्यांनी आपल्या धर्मग्रंथातल्या कथांवर मराठीत कीर्तने रचायला व गायला सुरुवात केली, आपल्या हरिदासांसारखी. पुढे बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली, मंदिर राहिले. त्यांच्या धर्मात सामुदायिक प्रार्थनेला निदान दहा प्रौढ पुरुष जमावे लागतात. नऊ मोठे पंडित असले तरी ती सामुदायिक प्रार्थना होत नाही. दहावा आला, मग तो कसाही असो, की होते. (त्या दहांत जुन्या रीतीप्रमाणे बायका धरत नाहीत, हे मला खटकते, पण तो निराळ्या लेखाचा विषय आहे.) दहाव्याला सुरात म्हणता येते का, असे कोणी विचारत नाही. त्याने यायचे असते. जिथे वस्ती विरळ झाली, तिथे त्या दहाव्या माणसाची वाट पाहत लोक बसून राहतात.

मीही आजींना दहा हाच आकडा सांगितला होता. त्यांच्याकडे दहा म्हणजे याहून कमी चालायचे नाहीत, आणि माझ्याकडे दहा म्हणजे याहून जास्त चालायचे नाहीत! खोटे बोलताना मनुष्य आकडा सहज निवडतो असे नाही, असे मला आता वाटू लागले आहे.

आपल्याकडची साक्षही काही वेगळी नाही. तुकोबांनी आपली हकीकत सांगताना मोकळेपणाने म्हटले आहे की आरंभी अभ्यासात चित्त नव्हते. संतांची वचने पाठ केली, आणि जे पुढे उभे राहून गात त्यांच्या मागे ध्रुपद धरले. म्हणजे महाराष्ट्राचा हा एवढा मोठा कवी पहिल्याने मागच्या रांगेतला माणूस होता. त्या दिवशी पुढे गाणाऱ्या कोणा बुवाने मागे वळून 'आपण नुसते ओठ हलवावे' असे सुचवले असते तर? कल्पना करवत नाही. कीर्तनात मागे उभे राहून झील धरणाऱ्यांची जी प्रथा आपण ठेवली, ती मला फार शहाणपणाची वाटते. गाता न येणाऱ्याला गाणाऱ्याच्या पाठीशी उभे करायचे. ऐकता ऐकता त्याचे गाणे होईल. न झाले तर टाळ आहेच.

विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, तेव्हा एकेका शिष्याच्या कानात गाणे ओतण्याऐवजी वर्गात बसवून पुष्कळांना शिकवण्याची वाट त्यांनी धरली. त्यांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे १९१८ साली साबरमतीच्या आश्रमात गेले. तिथली मंडळी गाण्यासाठी निवडलेली नव्हती. कोणी विणकर, कोणी शिक्षक, कोणी मद्रासकडचा, कोणी काठेवाडचा. जिभाही वेगळ्या आणि गळेही वेगळे. खुद्द गांधीजींनी तरुणपणी लंडनला व्हायोलिनची शिकवणी लावून सोडून दिली होती. अशा लोकांकडून खरे यांनी सकाळ-संध्याकाळची प्रार्थना म्हणवून घेतली, त्यांच्यासाठी 'आश्रम भजनावली' सिद्ध केली, आणि १२ मार्च १९३० ला दांडीची यात्रा निघाली तेव्हा तेही त्या चालणाऱ्यांत होते. मैफलीत नाव कमावण्याजोगी विद्या ज्याच्याजवळ होती त्याने ती अशा लोकांवर का खर्च केली, हा विचार मी ताईंच्या पेटीकडे पाहत कितीदा केला आहे. ताईंनाही स्वतंत्र गाता आले असते. त्यांच्या वाट्याला मंडळ आले, आम्ही अकरा आलो. पेटीची पट्टी पुन्हा पुन्हा दाबणाऱ्या त्या बोटात थोडे त्याचेही दुःख असेल. ते दुःख मी जेव्हा ओळखते तेव्हा आजींची बाजू घेऊन भांडायचा माझा धीर सुटतो.

तरी पण एक दृश्य आहे, ते मला सोडत नाही. आईबरोबर एकदा मी ज्ञानोबांच्या पालखीत चालले होते. मुक्कामाला पालखी पोचली की सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात. हजारो टाळ एकदम वाजत असतात, छातीत धडधडते. मग चोपदार आपला दंड वर करतो आणि क्षणात सारे शांत. इतके शांत, की लांबच्या बैलाची घंटा ऐकू येते. पाश्चात्त्य देशांत शेकडो वाद्ये ताब्यात ठेवणारे नायक असतात, पण आमच्या चोपदाराची सर मला त्यांच्यात दिसत नाही. (फ्रान्सच्या राजाचा संगीतकार लुली हा असाच जाड दंड जमिनीवर आपटून ताल देत असे, १६८७ साली तो स्वतःच्याच पायावर बसला, जखम चिघळली आणि त्यातच तो गेला. आमचा चोपदार दंड आपटत नाही, उंच धरतो, हे किती बरे!)

पण खरी गोष्ट पुढेच आहे. सगळे गप्प झाले तरी कधी कधी एखादी दिंडी टाळ वाजवतच राहते. मला वाटले, यांना ऐकू आले नाही. आई म्हणाली, "अगं, त्यांची तक्रार आहे." ज्या दिंडीचे काही गाऱ्हाणे असेल तिने टाळ थांबवायचा नाही, अशी तिथली रीत. चोपदार त्या आवाजाच्या रोखाने जातात, काय ते विचारतात, निवाडा करतात. मग तो टाळ थांबतो आणि मग आरती होते. तोवर पालखीही थांबते, आणि तो मोठा समुदायही.

एवढ्या निःशब्दात तो एकच टाळ किती कर्कश वाजतो, हे ऐकल्याशिवाय कळायचे नाही. पण त्याला कोणी 'नुसते हात हलवा' म्हणत नाही. आजी आमच्या खोलीत येऊन इतक्या वर का गात होत्या, हे आम्ही अकरा-दहा जणींनी कधी विचारले नव्हते. ज्यांचा मांडव गेला, ज्यांच्या पुढे गाणारी धवलारीण गेली, मागे उचलणाऱ्या बायका चार गावांत पांगल्या, त्या बाईने कोणत्या पट्टीत गायला हवे होते?

हे सगळे मी ताईंना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "ते सगळे खरे. पण काकड्याला गाणे वेगळे आणि परीक्षकांपुढे गाणे वेगळे. स्पर्धेला जायचेच नव्हते तर सहा महिन्यांपूर्वी सांगायचे." हेही खरेच. डबा तर मीही घरी आणला होता. मी आजींच्या वतीने बोलत होते ते बक्षीस मिळाल्यानंतर.

तो डबा पंधरा दिवस माझ्या ओट्यावर तसाच पडून होता. त्यात काही भरावेसे वाटेना. शेवटी वसुबारसेला मी तो पुसून घेतला आणि आजींच्या घरी गेले. म्हटले, "आजी, मंडळाला बक्षीस मिळाले त्यातला हा तुमचा."

आजींनी डबा हातात घेतला, फिरवून पाहिला, झाकण लावून काढून पाहिले. मग म्हणाल्या, "तुम्ही दहा जणी होता ना गो? मग हा अकरावा कुठला?"

मला शब्द सुचले नाहीत. आजी थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या. नंतर उठून त्यांनी डबा आत नेऊन ठेवला, आणि चहा घेतल्याशिवाय मला जाऊ दिले नाही.

भाऊबीजेला त्यांचा नातू दारात उभा राहिला. डबा परत आला होता. आपल्याकडे रिकामे भांडे परत देत नाहीत. आत ओल्या नारळाच्या करंज्या होत्या, काठोकाठ.

दुसऱ्या दिवशी पहाटे काकड्याला गेले तर आजी आधीच येऊन उभ्या होत्या. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. त्या नेहमीसारख्याच गायल्या, मांडवाच्या शेवटच्या पंगतीपर्यंत पोचेल अशा आवाजात, आणि त्यांच्यापायी माझा सूर दोनदा सुटला.